पांढरे ठिपके दिसले, आता कुठली बाटली? माशांवरचे परजीवी आणि त्यांची औषधं

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याची भाषा बऱ्यापैकी तशीच ठेवली आहे. आकडे ऐकताना निसटतात म्हणून इथे ते नीट मांडलेत.)

[००:००] प्रश्न



डिसेंबर-जानेवारी आला की आपल्या इनबॉक्समध्ये एकच फोटो वेगवेगळ्या घरांतून येतो. माशाच्या शेपटीवर रव्याचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके. यावेळी घाटकोपरच्या एका श्रोत्याने फोटोबरोबर एक यादीही पाठवली. तीन फुटी टाकी, त्यात तीन क्लाउन लोच, वडिलांनी नऊ वर्षांपूर्वी आणलेले. दुकानदार म्हणतो मेथिलीन ब्लू टाका. ऑफिसातला मित्र म्हणतो मीठ आणि हीटर. यूट्यूबवर फॉर्मेलिन आणि मॅलॅकाइट ग्रीन. व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने कॉपर सुचवलं, दुसऱ्याने मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या. आणि शेवटची ओळ होती, "दादा, सगळंच थोडं थोडं टाकू का?"

आधी याचं उत्तर देतो: नका टाकू. एक औषध कमी पडलं तर मासा आजारी राहतो. चार औषधं एकत्र पडली तर तो बहुधा रात्रीतच जातो, आणि कशाने गेला तेही कळत नाही. आपल्या कोडिंगच्या भाषेत, एकाच वेळी चार बदल करून थेट प्रॉडक्शनला टाकायचे आणि मग बग शोधत बसायचं, तसलं हे काम.

कुठलं औषध बरं यावर ग्रुपवर रोज भांडणं होतात. माझं म्हणणं एवढंच आहे की त्याआधी दोन प्रश्न विचारा. परजीवी कोणता? आणि त्याच्या आयुष्यातल्या कुठल्या टप्प्यावर तो औषधाच्या तावडीत सापडतो? ही दोन उत्तरं मिळाली की औषध निवडणं बरंच सोपं होतं.

[०३:१०] ठिपका म्हणजे नक्की काय

पांढऱ्या ठिपक्यांच्या परजीवीचं नाव इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलीस. आपण त्याला 'इक' म्हणू. फूके नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १८७६ मध्ये त्याचं वर्णन केलं. नावाचा अर्थ साधारण 'माशावरची लेकुरवाळी ऊ' असा होतो. ऊ वगैरे काही नाही तो, एकपेशीय जीव आहे. पण लेकुरवाळा मात्र खराच.

त्याचं आयुष्य तीन टप्प्यांत चालतं.

पहिला टप्पा माशावर. तो त्वचेच्या वरच्या थराखाली शिरतो आणि तिथे खाऊन फुगतो. आपल्याला दिसतो तो ठिपका हाच. त्याच्यावर माशाच्या कातडीचं पांघरूण असल्यामुळे पाण्यातलं औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही.

दुसरा टप्पा तळाशी. पोट भरलं की तो मासा सोडतो, वाळूवर किंवा झाडाच्या पानावर चिकटतो आणि स्वतःभोवती चिकट कवच करतो. आत विभाजन सुरू होतं. एकापासून शेकडो, कधी हजाराच्या आसपास पिल्लं. या कवचातही औषध नीट शिरत नाही.

तिसरा टप्पा पाण्यात. कवच फुटतं, पिल्लं पोहत बाहेर पडतात आणि मासा शोधतात. साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. औषध लागू पडतं ते इथेच.

म्हणून 'औषध टाकलं तरी ठिपके तसेच आहेत' ही तक्रार दुसऱ्या दिवशी करण्यात अर्थ नसतो. तुमचं औषध त्या ठिपक्यावर चालतच नाहीये, ते पुढच्या पिढीची वाट बघतंय. उलटही खरं: तिसऱ्या दिवशी ठिपके गायब झाले म्हणून जो उपचार बंद करतो, त्याच्या टाकीच्या तळाशी तेव्हाच शेकडो पिल्लं तयार होत असतात. ठिपके गेले म्हणजे परजीवी बरेचदा फक्त खाली उतरलेला असतो.

हे चक्र किती दिवसांचं, ते पाण्याच्या तापमानावर. २४ ते २६ अंशांना तीन ते सहा दिवस. १० अंशांना महिन्याहून जास्त. थंड देशातल्या माणसाचा व्हिडिओ बघून त्याचं वेळापत्रक बोरिवलीत वापरायचं नाही, ते यासाठी. आपल्याकडे सगळं भराभर घडतं. औषधाचे डोस लवकर लवकर लागतात, आणि शेवटचा ठिपका गेल्यानंतरही निदान तीन-चार दिवस उपचार चालू ठेवावा लागतो.

[०७:४५] उमेदवार एक: हीटर

पाणी ३० अंशांच्या आसपास नेलं की इकच्या बहुतेक जातींचं प्रजनन अडतं. शिवाय चक्र वेगाने फिरतं, त्यामुळे लपलेले परजीवी लवकर उघड्यावर येतात. औषध नाही, रंग नाही, वास नाही. एप्रिल-मे महिन्यात अंधेरीतल्या वरच्या मजल्यावरच्या घरात टाकी आपोआपच ३० वर जाते. हा आजार आपल्याकडे थंडीत जास्त दिसतो त्याचं एक कारण हेही असावं. हीटर नसलेल्या टाकीचं पाणी रात्री उतरतं, मासा ढेपाळतो आणि आपण नेमका त्याच आठवड्यात नवीन मासा आणलेला असतो.

तोटे? गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणून एअर पंप जास्त चालवायचा. तापमान एकदम वाढवायचं नाही, दिवसाला एक-दोन अंश पुरे. गोल्डफिशसारख्या थंड पाण्याच्या माशाला हा उपाय सोसत नाही. आणि उष्णता सहन करणाऱ्या इकच्या जातीही आढळल्या आहेत, त्यामुळे चार दिवसांत फरक दिसला नाही तर हट्ट धरू नका.

[१०:२०] उमेदवार दोन: मीठ

मुलुंड-भांडुपची मिठागरं बघत वाढलेल्या माणसाला मिठाचं कौतुक असणारच. लिटरला २ ते ३ ग्रॅम मीठ हा हौशी लोकांचा नेहमीचा डोस. एकदम न ओतता दीड-दोन दिवसांत तीन-चार हप्त्यांत द्यायचा, वेगळ्या भांड्यात विरघळवून. मीठ उडून जात नाही. पाणी बदललं की जेवढं काढलं तेवढ्याच पाण्यापुरतं परत घालायचं.

इथे कायमचा वाद: आयोडीनवालं चालतं की खडेमीठच हवं? पाकिटातल्या मिठात आयोडीनचं प्रमाण दहा लाख भागांत काही दशक भाग एवढंच असतं. लिटरला ३ ग्रॅम मिठातून येणारं आयोडीन मायक्रोग्रॅममध्ये मोजावं लागेल. त्याने मासा मरत नाही. खडेमीठ स्वस्त पडतं म्हणून घ्या, भीतीपोटी नको.

गपी, मोली यांना मीठ मानवतं. कोरी आणि लोच यांना कमी. झाडं तर हमखास कुजतात. लागवड केलेल्या टाकीत मीठ घालायचं नाही, मासा बाहेर काढून वेगळ्या टबात घालायचं.

[१३:००] उमेदवार तीन: फॉर्मेलिन आणि मॅलॅकाइट ग्रीन

फॉर्मेलिन म्हटलं की आपल्याला २०१८ चा जुलै आठवतो. गोव्यात बाहेरून येणाऱ्या माशांत फॉर्मेलिन असल्याचा गदारोळ झाला आणि काही दिवस परराज्यांतल्या मासळीवर बंदी आली. तिथे प्रश्न खायच्या मासळीचा होता. शोभेच्या माशांवर मात्र हे जुनं आणि खात्रीचं औषध आहे, इकवर आणि काही बाह्य परजीवींवरही. पण ते बेतानेच वापरायचं, आणि त्यामागचं गणित कळलं पाहिजे.

नेहमीचा जास्तीत जास्त डोस लिटरला २५ मिलिग्रॅम, म्हणजे ४० लिटरला साधारण १ मिलिलिटर. आता हे बघा: प्रत्येक ५ मिलिग्रॅम फॉर्मेलिन पाण्यातला साधारण १ मिलिग्रॅम ऑक्सिजन खातं. म्हणजे पूर्ण डोसला ५ मिलिग्रॅम गेला. ३० अंशांच्या पाण्यात मुळात ऑक्सिजन मावतो लिटरला साडेसात मिलिग्रॅम. उरला अडीच. हीटर लावून वर फॉर्मेलिन टाकलं की मासे पृष्ठभागावर येऊन तोंड का वासतात, ते या वजाबाकीत आहे. शिवाय पाणी गरम असलं की औषधाचा विषारीपणाही वाढतो. म्हणून हीटर किंवा फॉर्मेलिन, दोन्हीपैकी एक.

बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ती बाटली वापरायची नाही, तो जास्त विषारी असतो. हे रसायन माणसालाही कॅन्सरकारक म्हणून वर्गीकृत आहे. हातमोजे घाला, खिडकी उघडा, लहान मुलं दूर.

मॅलॅकाइट ग्रीन हा मुळात कापड रंगवायचा रंग. भेंडी-मिरची हिरवीगार दिसावी म्हणून भेसळीत वापरतात तोच. खायच्या माशांवर तो बंद आहे, कारण त्याचे अंश मांसात टिकून राहतात. शोभेच्या माशांवर फॉर्मेलिनसोबत लिटरला ०.१ मिलिग्रॅम इतका कमी लागतो. एवढंसं मोजायला चमचा कामाचा नाही. ज्या बाटलीवर किती टक्के द्रावण आहे ते छापलेलं नाही, ती मी विकत घेणार नाही. लोच, कोरी, टेट्रा यांना अर्धा डोस.

[१७:३०] मेथिलीन ब्लू आणि कॉपर

मेथिलीन ब्लू सगळ्यात स्वस्त आणि प्रत्येक दुकानात असतं, म्हणून पहिल्यांदा तेच हातात पडतं. अंड्यांवरच्या बुरशीवर ते चांगलं, नायट्राइटने गुदमरलेल्या माशालाही उपयोगी. मुख्य टाकीत इकसाठी मात्र मी ते शेवटच्या क्रमांकावर ठेवतो. फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंना ते त्रास देतं. ते मेले की अमोनिया चढतो, आणि आजारी माशाला दुसरा आजार होतो. सिलिकॉनचे सांधे कायमचे निळे होतात ते वेगळंच.

कॉपर सल्फेट म्हणजे आपलं मोरचूद. परजीवी मारतं यात शंका नाही. अडचण पाण्याची आहे. मोरचुदाचा सुरक्षित डोस पाण्याच्या अल्कलिनिटीवरून काढतात: अल्कलिनिटी भागिले शंभर. अल्कलिनिटी लिटरला १०० मिलिग्रॅम असेल तर मोरचूद १ मिलिग्रॅम. ती ५० च्या खाली असेल तर वापरायचंच नाही, कारण तेवढ्या मऊ पाण्यात तांबं माशालाच मारतं. मुंबईला पाणी येतं ते भातसा, वैतरणा, तानसा अशा पावसावर भरणाऱ्या तलावांतून. ते साधारण मऊ. त्यात सोसायटीत बोअरवेल किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर आज एक आकडा, उद्या दुसरा. त्यामुळे 'माझ्या मित्राने तेवढंच टाकलं, त्याचे मासे जगले' या वाक्याला इथे किंमत नाही. थेंबांचं केएच टेस्ट किट घ्या. एक डिग्री केएच म्हणजे १७.८ मिलिग्रॅम अल्कलिनिटी. तीन डिग्रीच्या खाली आलात की कॉपर विसरा. टाकीत कोळंबी किंवा गोगलगाय असेल तर टेस्ट न करताच विसरा.

घाटकोपरच्या श्रोत्याला आम्ही काय सांगितलं? लोच आहेत, म्हणून मीठ आणि कॉपर बाद. तीन दिवसांत हळूहळू ३० अंश, दुसरा एअर स्टोन, रोज तळाची वाळू सायफनने साफ करून चौथा हिस्सा पाणी बदल. रोज तळ साफ केला की कवचातली पिल्लंही बाहेर जातात. औषध राखीव. पण आमचं उत्तर पोचेपर्यंत त्याने दोन बाटल्या टाकल्या होत्या आणि अमोनिया चढला होता. एक लोच गेला. उरलेले दोन पंधरा दिवसांनी स्वच्छ होते. तो लोच इकने गेला की बाटल्यांनी, हे आता कुणीच सांगू शकत नाही. एकत्र औषधं नकोत म्हणतो, ते याचसाठी.

[२३:१५] ठिपका नसेल तर?

आता दुसऱ्या परजीवींकडे येऊ, कारण 'परजीवीचं औषध' असं एकच औषध नसतं.

मासा दगडावर अंग घासतोय, एकच कल्ला उघडून श्वास घेतोय, ठिपके मात्र नाहीत. कल्ल्यावरचे किंवा त्वचेवरचे चपटे कृमी असू शकतात. इथे प्राझिक्वांटेल, लिटरला २ ते १० मिलिग्रॅम. त्वचेवरचा गायरोडॅक्टिलस थेट पिल्लं देतो, त्याला बरेचदा एक डोस पुरतो. कल्ल्यावरचा डॅक्टिलोगायरस अंडी घालतो आणि अंड्यांवर औषध चालत नाही, म्हणून साधारण आठवड्याने दुसरा डोस. पावडर पाण्यात सहज विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवावी लागते. कुत्र्यांच्या जंताच्या गोळीत प्राझिक्वांटेलबरोबर इतर औषधंही असतात. ती गोळी कुटून टाकू नका.

गपीच्या गुदद्वारातून लाल धागे बाहेर डोकावताहेत? हा कॅमॅलॅनस, गोल कृमी. याच्यावर प्राझिक्वांटेल चालत नाही. लेव्हामिसोल लिटरला २ मिलिग्रॅम, चोवीस तास, मग तळ साफ आणि मोठा पाणी बदल. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा.

डिस्कस किंवा ऑस्करची विष्ठा पांढरी, दोरीसारखी, आणि खाणं बंद? आतड्यातले कशाभिका असलेले एकपेशीय जीव असू शकतात. मेट्रोनिडाझोलचं काम इथे आहे, तेही मासा खात असेल तर खाद्यातून. इकवर त्याचा भरवसा नाही. आणि ते माणसांचंही औषध आहे, चिठ्ठीशिवाय मागायचं नसतं. उगाच वापरून जंतूंना सवय लावू नका.

डोळ्यांना दिसणारी, काडीसारखी लटकलेली अळी म्हणजे अँकर वर्म. बशीसारखी चपटी आणि सरकणारी म्हणजे माशांची ऊ, अर्ग्युलस. दोघेही कोळंबीचे भाऊबंद. चिकटलेला अँकर वर्म चिमट्याने मुळाशी धरून काढावा लागतो. डायफ्लुबेन्झुरॉन त्यांच्या पिल्लांना कात टाकू देत नाही, म्हणून वाढच थांबते. अर्थात टाकीतल्या कोळंबीचीही. हे पाणी नाल्यात जाता कामा नये, तिथे खेकडे-कोळंबीची पिल्लं असतात.

आयव्हरमेक्टिनबद्दल दर महिन्याला कोणीतरी विचारतं. टाकीच्या पाण्यात अजिबात नाही. मारक डोस आणि औषधी डोस यांत अंतर फारच कमी आहे.

[२९:४०] तुमची टाकी खरंच किती लिटरची?

सगळे डोस लिटरवर, आणि लिटर मात्र दुकानदाराने सांगितलेले. दोन फुटी टाकी घ्या: ६० बाय ३० बाय ३० सेंटिमीटर. हिशेबाने ५४ लिटर. पण तळाला ५ सेंटिमीटर वाळू, वर ४ सेंटिमीटर रिकामी. पाण्याची उंची उरली २१. म्हणजे ३८ लिटरच्या आत, दगड-लाकूड वजा न करता. ५४ चा डोस टाकलात तर चाळीस टक्क्यांहून जास्त ओव्हरडोस, आणि बाटलीवरचा आकडा तुम्ही प्रामाणिकपणे पाळला असं तुम्हाला वाटत राहणार. पुढच्या वेळी टाकी भरताना बादल्या मोजा आणि आकडा टाकीच्या मागे मार्करने लिहून ठेवा.

औषध टाकण्याआधी फिल्टरमधला कोळसा काढा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. यूव्ही दिवा बंद. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून प्रत्येक पाणी बदलाला अँटी-क्लोरीन, आजारपणात तर नक्कीच.

[३२:३०] ओळखायचं कसं?

विद्यार्थ्यांचा साधा मायक्रोस्कोप, ४० ते १०० पट, हे माझ्या मते कुठल्याही बाटलीपेक्षा मोलाचं. माशाच्या अंगावरचा थोडा चिकट थर काचपट्टीवर घ्यायचा, टाकीच्या पाण्याचा एक थेंब, वर झाकणकाच. इक हळूहळू गोल फिरत असतो आणि पोटात घोड्याच्या नालेसारखं केंद्रक दिसतं. डॅक्टिलोगायरसला चार काळे डोळे-ठिपके असतात. गायरोडॅक्टिलसला ते नसतात, पण पोटात पिल्लू दिसतं. एकदा दिसलं की ग्रुपवरचा वाद मिटला.

माशांचं आरोग्य हा शिकायचा विषय आहे, आणि तो आपल्याच उपनगरात शिकवला जातो. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, १९६१ मध्ये सुरू झालेली, १९८९ पासून अभिमत विद्यापीठ. बरेच मासे एकदम मरायला लागले तर तिथे किंवा मासे बघणाऱ्या पशुवैद्याकडे आधी फोन करून सल्ला विचारा. विचारण्यात संकोच कसला?

[३५:५०] आणि सगळ्यात स्वस्त औषध

कुर्ल्याच्या बाजारातून किंवा क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेला मासा थेट मुख्य टाकीत सोडायचा नाही. वन बीएचकेत दुसरी टाकी कुठे ठेवू, असं विचाराल. वीस लिटरचा प्लास्टिकचा टब, एक स्पंज फिल्टर, वर जाळी, वॉशिंग मशीनच्या बाजूला. चार आठवडे. इकचं चक्र आपल्या तापमानात आठवड्यात पूर्ण होतं, त्यामुळे असेल तर एवढ्यात तो दिसतोच. कृमींना जास्त वेळ लागतो म्हणून चार. जाळी आणि सायफनची नळी दोन्हीकडे वेगळी.

आणि आज रात्री ठिपके दिसले असतील तर क्रम असा ठेवा: अमोनिया तपासा, थोडं पाणी बदला, हवा वाढवा, परजीवी ओळखा, लिटर मोजा, एकच उपाय निवडा, तो पूर्ण दिवस चालवा. बहुतेक परजीवी तुम्हाला एवढी एक रात्र देतात.

तुमच्या टाकीचा केएच किती आला ते नक्की कळवा. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, प्रत्येक ठिकाणचे आकडे जमले की पुढच्या भागात पाण्यावरच बोलू. तोवर मासे सांभाळा, भेटूच!